पट्टी, पिन आणि पुरावा: कार्ड स्किमिंगची साठ वर्षं

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्या खिशात आहे. एटीएम कार्ड काढा आणि उलटं करून बघा. मागच्या बाजूला एक काळी किंवा तपकिरी पट्टी दिसेल. बहुतेक जणांनी कित्येक वर्षांत ती वापरलेलीसुद्धा नसेल, कारण आता चिप आहे, टॅप आहे, यूपीआय आहे. तरी ती अजून तिथे आहे. ती आली कशी, तिच्यावरून जगभर चोऱ्या कशा झाल्या आणि ती अजून गेली का नाही, ही आजची गोष्ट.

आणि या गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. समजा तुमच्या कार्डाची कोणीतरी नक्कल केली आणि पैसे काढले. तुम्ही म्हणता, "मी काढले नाहीत." बँकेचं मशीन म्हणतं, "कार्ड होतं, पिन बरोबर होता." आता खरं कोणाचं धरायचं? माझ्या मते स्किमिंगच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. चोर काय करतो हे मी सांगेनच, पण कान या प्रश्नाकडे ठेवा.

कार्बन पेपरचा जमाना

सुरुवात पट्टीच्याही आधीपासून करू. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६०,००० लोकांना पोस्टानं क्रेडिट कार्डं पाठवली. कोणी मागितली नव्हती, तरी पाठवली. पुढे हेच कार्ड व्हिसा झालं.

त्या काळात कार्डावर नंबर उठावदार अक्षरांत असायचा. दुकानदार कार्ड एका लोखंडी साच्यात ठेवायचा, वर कार्बनची पावती ठेवायचा आणि दांडा सरकवायचा. नंबर कागदावर उमटला, गिऱ्हाइकानं सही केली की व्यवहार पूर्ण. कार्ड चोरीचं आहे का हे बघायला दुकानात छापील याद्या यायच्या. त्या याद्या छापून पोचेपर्यंत चोराची खरेदी उरकलेली असायची.

आणि कार्बन पेपर? तो कचऱ्यात जायचा. त्यावर तुमचा नंबर, नाव, मुदत सगळं उमटलेलं. कचरा उचकणाऱ्याला दुकान फोडायची गरजच नव्हती. म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवून तिच्यावरची माहिती तेवढी पळवायची, ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीची आहे.

इस्त्रीनं चिकटलेली पट्टी

आता आयबीएम. १९६० च्या सुमाराला फॉरेस्ट पॅरी नावाचा त्यांचा इंजिनिअर अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यासाठी ओळखपत्रं बनवण्याच्या कामावर होता. प्लास्टिकच्या कार्डावर टेपरेकॉर्डरमधल्यासारखी चुंबकीय फीत बसवायची होती. पण कुठल्याही गोंदानं फीत सुरकुतायची नाहीतर गोंदानं तिच्यावरची माहिती खराब व्हायची. आयबीएमच सांगते ती गोष्ट अशी, की पॅरी वैतागून घरी आला तेव्हा त्याची बायको डोरोथिया कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीनं चिकटवून बघ. इस्त्री पुरेशी गरम होती, फीत चिकटली, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरचे पैसे त्या युक्तीवर फिरले.

पट्टीवर असतं काय? माहितीच्या तीन ओळी असू शकतात. बँकेच्या व्यवहारात पहिल्या दोन लागतात. दुसऱ्या ओळीत फार तर ४० अक्षरं मावतात: कार्डाचा नंबर, मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष, एक तीन आकडी सेवा-कोड आणि बँकेनं स्वतःच्या पडताळणीसाठी टाकलेले काही आकडे. पहिल्या ओळीत तुमचं नावही असतं. एवढंच. कुलूप नाही, गुप्त लिपी नाही. कॅसेटवरचं गाणं जसं कुठल्याही टेपरेकॉर्डरवर वाजतं, तसं हे कुठल्याही वाचकयंत्रावर वाचता येतं. आणि कॅसेटची कॉपी करता येते तशी याचीही करता येते.

इथे त्या इंजिनिअरांना दोष देऊ नका. तेव्हा असं वाचायचं यंत्र महाग होतं आणि मोजक्या संस्थांकडेच होतं. "हे यंत्र फक्त आपल्याकडेच असेल" या गृहीतकावर सगळी सुरक्षा उभी होती. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे सांगतो, अशी गृहीतकं कुठल्याही कागदावर लिहिलेली नसतात. म्हणून ती मोडतात तेव्हा लवकर कळतही नाही.

पिन कुठून आला

पट्टीची नक्कल होऊ शकते हे पुरेसं नव्हतं का? नाही. एटीएममधून पैसे काढायला पिन लागतो.

२७ जून १९६७ ला लंडनजवळ एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेनं पैसे देणारं मशीन सुरू केलं. ते बनवणारा जॉन शेफर्ड-बॅरन. या माणसाचा जन्म आपल्याकडे शिलाँगचा, १९२५ चा. त्याच्या मशीनला प्लास्टिक कार्ड नव्हतं, किंचित किरणोत्सर्गी शाई लावलेला कागदी चेक लागायचा. त्यानं स्वतः सांगितलेली आठवण अशी, की त्याला सहा आकडी पिन हवा होता, पण बायको म्हणाली, माझ्या चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून चार. पिनच्या कल्पनेचं पेटंट मात्र स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलोच्या नावावर आहे, १९६६ चं. आपल्याकडे पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत आलं, एचएसबीसी बँकेचं.

तर आता चोराला दोन गोष्टी लागतात: पट्टीवरची माहिती आणि चार आकडे. स्किमिंग म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, मालकाच्या नकळत मिळवणं. दुधावरची साय अलगद काढून घ्यावी आणि दूध तसंच राहावं, तसं. इंग्रजीत हा शब्द मुळात तिथूनच आलाय. कार्ड तुमच्याच खिशात राहतं, म्हणून काही गेलंय असं तुम्हाला वाटतच नाही.

आख्खं मशीनच खोटं

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, मँचेस्टर गावातल्या एका मॉलमध्ये नवीन एटीएम आलं. लोक कार्ड घालायचे, पिन टाकायचे, आणि मशीन म्हणायचं व्यवहार होऊ शकत नाही. लोक चुकचुकून पुढे जायचे. साधारण दोन आठवड्यांनी ते मशीन हललं. ते कुठल्याच बँकेचं नव्हतं. चोरट्यांनी आणून ठेवलं होतं, आणि ते फक्त पट्ट्या वाचून पिन लिहून घेत होतं. मग कोऱ्या कार्डांवर तीच माहिती उतरवून खऱ्या एटीएममधून पैसे काढले गेले.

पुढे चोरांना आख्खं मशीन आणायची गरज उरली नाही. खऱ्या मशीनच्या कार्ड घालायच्या तोंडावर, त्याच रंगाचं, त्याच आकाराचं दुसरं प्लास्टिकचं तोंड बसवायचं. आत एक छोटं वाचनमुंडकं आणि मेमरी. तुमचं कार्ड खोट्या तोंडातून खऱ्या तोंडात जातं. पैसे मिळतात, पावती मिळते, संशयाला जागाच नाही. पिनसाठी वरच्या पट्टीत किंवा माहितीपत्रकांच्या खोक्यात बारीक छिद्राचा कॅमेरा, किंवा आकड्यांच्या बटणांवर बसवलेला दुसरा खोटा कीपॅड. आधी चोर परत येऊन मेमरी काढून न्यायचे. मग ब्लूटूथ आलं आणि बाहेर उभं राहूनच माहिती घेता येऊ लागली.

हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर तर याहून सोपं होतं. बिलासोबत कार्ड घेऊन वेटर आत गेला, की तळहातात मावेल एवढ्या यंत्रातून ते आणखी एकदा फिरवायला दोन सेकंद पुरायचे. तेव्हा सहीवरच भागायचं, पिन मागतच नव्हते. आपल्याकडे दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन टाकायची सक्ती रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०१३ पासून केली, ती यासाठीच.

तुमचं खरं की मशीनचं

आता मघाच्या प्रश्नाकडे. इथे मी तुम्हाला दोन खटले सांगतो.

पहिला न्यूयॉर्कचा, १९८०. एका बाईंच्या सिटीबँकेतल्या खात्यातून दोन वेळा मिळून ८०० डॉलर गेले. त्या म्हणाल्या, त्या वेळी मी कामावर होते, आणि मालकाचं तसं पत्रही त्यांनी आणलं. बँक म्हणाली, कार्ड आणि पिन दोन्ही वापरलेत आणि आमच्या यंत्रणेत गडबड शक्य नाही. न्यायाधीशांपुढे प्रश्न होता, की एक विश्वासार्ह माणूस एकीकडे आणि कॉम्प्युटरची छापील नोंद दुसरीकडे असेल तर माणसानं आपोआप हरायचं का? न्यायालयानं बाईंवर विश्वास ठेवला आणि पैसे परत द्यायला लावले. अमेरिकेत १९७८ साली इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा कायदा झाला होता. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं आणि दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान ५० डॉलरपुरतंच, असं त्यात होतं.

दुसरा ब्रिटनचा. १९९२ मध्ये केंब्रिजजवळचा एक पोलीस कॉन्स्टेबल ग्रीसची सुट्टी संपवून घरी आला आणि खात्यातून त्यानं न काढलेले पैसे गेलेले त्याला दिसले. सहा व्यवहार, एकूण ४६० पौंड. तो तक्रार घेऊन हॅलिफॅक्स बिल्डिंग सोसायटीकडे गेला. त्यांचं म्हणणं, आमची यंत्रणा सुरक्षित आहे, म्हणजे तुम्ही खोटं बोलताय. आणि त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला.

विचार करा. ज्याचे पैसे गेले तोच गुन्हेगार. तोही पोलीस. गावात काय झालं असेल?

केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन बचावाच्या बाजूनं तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. याच सुमाराला, १९९३ मध्ये, त्यांनी एक शोधनिबंध लिहिला होता. बँकांच्या यंत्रणा प्रत्यक्षात कशा फसतात हे त्यात होतं. त्यांचं निरीक्षण साधं होतं. चोर अवघड गणितं फोडत बसत नाहीत. काही बँका एटीएमच्या पावतीवर पूर्ण खाते क्रमांक छापायच्या. चोर रांगेत उभा राहून पिन बघायचा, टाकलेली पावती उचलायचा आणि कोऱ्या कार्डावर तो नंबर चढवायचा. कार्बन पेपर आठवला ना? पस्तीस वर्षं गेली, कचरा तोच.

अपिलात बचावपक्षानं मागणी केली, की यंत्रणा निर्दोष आहे म्हणता ना, मग ती आमच्या तज्ज्ञाला तपासू द्या. सोसायटीनं नकार दिला. मग न्यायालयानं त्यांचा कॉम्प्युटरचा पुरावा मान्य केला नाही, आणि १९९६ मध्ये कॉन्स्टेबल निर्दोष सुटला. चार वर्षं गेली त्याची.

या दोन खटल्यांतला फरक तंत्रज्ञानाचा नाही. पट्टी दोन्हीकडे तीच, पिन दोन्हीकडे चार आकडी. फरक होता सिद्ध कोणी करायचं याचा. आणि अँडरसन यांनी पुढचा मुद्दा मांडला तो मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत नुकसान बँकेच्या डोक्यावर होतं, म्हणून तिथल्या बँका मशीनपाशी कॅमेरे लावण्यासारख्या उपायांकडे वळल्या. ब्रिटनमध्ये ग्राहकालाच खोटं पाडता येत होतं, म्हणून तिथल्या बँका ढिल्या राहिल्या. ज्याच्या खिशाला चाट बसते, तोच कुलूप बदलतो.

रोज नवा परवलीचा शब्द

आता चिप. किल्ल्याचा पहारेकरी डोळ्यांपुढे आणा. रात्री दरवाजाशी येणाऱ्याला तो परवलीचा शब्द विचारतो. शब्द वर्षभर एकच असेल, तर झुडपात लपून एकदा ऐकलं की झालं. पट्टी म्हणजे असा कायमचा एकच परवलीचा शब्द. चिप म्हणजे पहारेकरी दर वेळी नवा प्रश्न विचारतो आणि उत्तर देण्याची रीत फक्त आतल्या माणसाला ठाऊक असते. तुम्ही आजचं उत्तर ऐकलंत तरी उद्या त्याचा उपयोग नाही.

चिपच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि ती चिपबाहेर कधीच येत नाही. व्यवहाराची रक्कम, मशीननं दिलेला एक नवा आकडा, व्यवहाराचा अनुक्रमांक हे सगळं घेऊन चिप त्या किल्लीनं एक शिक्का तयार करते. बँक तो शिक्का तपासते. पुढच्या व्यवहाराला शिक्का वेगळा.

फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी स्मार्ट कार्डाचं पेटंट १९७४ मध्येच घेतलं होतं, आणि १९९२ पर्यंत फ्रान्सच्या सगळ्या बँक कार्डांवर चिप आली होती. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तिघांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक सामाईक पद्धत ठरवली. त्यांच्याच आद्याक्षरांवरून तिला ईएमव्ही म्हणतात. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात चिप कार्डाला पिन सक्तीचा झाला.

मग अमेरिका, जी नव्वदच्या दशकात पुढे होती, ती मागे का राहिली? लाखो दुकानं, लाखो मशीनं, खर्च कोणी करायचा यावर वाद. २०१३ च्या अखेरीला टार्गेट या दुकानांच्या साखळीत चोर घुसले. वातानुकूलनाचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून शिरले आणि बिलिंगच्या मशीनमध्ये असा प्रोग्राम टाकला, की कार्ड फिरवल्याबरोबर पट्टीवरची माहिती मशीनच्या मेमरीतून उचलली जायची. सुमारे चार कोटी कार्डं! खोटं तोंड नाही, कॅमेरा नाही, दुकानात चोरांचं कोणी उभंही नाही. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे नियम बदलला: चिप कार्डाची नक्कल दुकानात चालली आणि दुकानाकडे चिप वाचायचं मशीन नसेल, तर नुकसान दुकानाचं. मग मशीनं भराभर बदलू लागली. पुन्हा तेच, चाट आणि कुलूप.

आपल्याकडे

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये छताला धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखं काहीतरी लावलेलं सापडलं. आत कॅमेरा होता. खातेदार केरळचे, पण पैसे काढले जात होते मुंबईतल्या एटीएममधून. एक रोमानियन नागरिक मुंबईतच पकडला गेला. नकली कार्डाला गावाचं बंधन नसतं, हे तेव्हा आपल्याला नीट कळलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आहे. एटीएमचं जाळं चालवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घुसखोर प्रोग्राम शिरला होता. प्रत्यक्ष तक्रार करणारे ग्राहक ६४१ आणि नुकसान १ कोटी ३० लाखांच्या घरात, पण लाखो लोकांना कार्डं आणि पिन बदलावे लागले.

मग पुणे. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँक, १९०६ पासूनची सहकारी बँक. घुसखोरांनी बँकेच्या एटीएम-व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या शेजारी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. २८ देशांत माणसं नकली कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहिली. मशीन विचारायचं, पैसे देऊ का? खोटी यंत्रणा म्हणायची, दे. काही तासांत परदेशात सुमारे ७८ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापुरातली एटीएमंही होती. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. बरेचसे खालच्या फळीतले, पैसे काढणारे.

हे शुद्ध स्किमिंग नव्हतं, पण नकली कार्डावरच उभं होतं. आणि बँकेनं सांगितलं की खातेदारांच्या शिलकीला धक्का लागलेला नाही, नुकसान बँकेचं आहे. १९९२ च्या त्या कॉन्स्टेबलला असं कोणी म्हटलं असतं तर!

रिझर्व्ह बँकेनं १ सप्टेंबर २०१५ पासून नवी कार्डं चिपचीच द्यायला सांगितलं होतं, आणि जुनी पट्टीवाली बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत घातली होती. तुमच्याकडेही तेव्हा बँकेचे मेसेज आले असतील.

चोर गेला कुठे

चिप आली म्हणून चोर घरी बसले नाहीत. एटीएमच्या चिप वाचायच्या फटीत कागदासारखी पातळ पट्टी सरकवतात. तिला शिमर म्हणतात. ती चिप आणि मशीनमधलं बोलणं ऐकते. त्यातून चिपची नक्कल होत नाही, पण नंबर आणि मुदत मिळते आणि त्यावरून पट्टीचं कार्ड बनवायचा प्रयत्न होतो. बँकेनं पडताळणीचे आकडे नीट तपासले तर तो फसतो, कारण चिपमधले आणि पट्टीवरचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. बँक आळशी असली तर मात्र चालून जातं. म्हणून ती काळी पट्टी कार्डावर आहे तोवर हा दरवाजा किलकिला राहणार. मास्टरकार्डनं २०२१ मध्ये जाहीर केलं, की २०२९ पासून नव्या कार्डांवर पट्टी नसेल आणि २०३३ पर्यंत ती पूर्ण जाईल.

दुसरी वाट ऑनलाइनची. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर घुसखोरांनी जेमतेम २२ ओळींचा कोड घुसडला. तुम्ही तिकिटासाठी कार्डाचा नंबर टाकून बटण दाबलं, की तो कंपनीकडे जायचा आणि चोरांकडेही जायचा. सुमारे दोन आठवडे हे चाललं. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली आणि २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला. एखाद्या मोठ्या वेबसाइटच्या पानावर हजारो ओळी असतात, त्यात २२ ओळी म्हणजे गव्हाच्या पोत्यात चार खडे. खऱ्या तोंडावर बसवलेलं खोटं तोंडच हे, फक्त प्लास्टिकच्या जागी कोड.

इथे आपण थोडे बरे आहोत. ऑनलाइन कार्ड वापरताना दुसरी पडताळणी, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, आपल्याकडे ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून वेबसाइटना तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन ठेवावं लागतं. पण परदेशी वेबसाइट ओटीपी मागेलच असं नाही.

मग आपण काय करायचं

सगळ्यात पहिलं, पिन टाकताना दुसरा हात वर धरा. एटीएममध्ये एकटे असलात तरी. कोणी बघत असेल म्हणून नाही, कॅमेरा असेल म्हणून. हात झाकलेला असेल तर चोराकडे अर्धाच ऐवज जातो. खोटा कीपॅड असेल तर याचा उपयोग नाही, म्हणून कार्डाचं तोंड आणि कीपॅड जरा हलवून बघा. खरं मशीन घट्ट असतं. काही सैल, जाड, चिकटवलेलं वाटलं तर सरळ बाहेर पडा. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम वापरा.

दुकानात कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. मशीन टेबलापाशी आणायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. चिप किंवा टॅप चालत असेल तर पट्टी फिरवू देऊ नका.

मग बँकेचं ॲप उघडा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करता येतात आणि मर्यादाही घालता येते. परदेशी व्यवहार बंद ठेवा. बहुतेकांना ते लागतच नाहीत. रोजची एटीएम मर्यादा तुमच्या गरजेइतकीच ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कार्डांचंही करून द्या, ते स्वतः त्या पानापर्यंत सहसा जात नाहीत.

आणि शेवटचं, ज्यासाठी मी खटल्यांची एवढी गोष्ट सांगितली. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यात म्हटलंय, चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक रकमेपर्यंत तुमचं, उदाहरणार्थ साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पिन किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी कोणाची? बँकेची.

म्हणून बँकेत मोबाइल नंबर बरोबर आहे ना हे आजच बघा. त्या तीन दिवसांचं घड्याळ मेसेजपासून सुरू होतं. आई-बाबांच्या खात्याला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर घड्याळ चालू होईल आणि घरात कोणाला पत्ताही नसेल. अनोळखी व्यवहाराचा मेसेज आला की आधी कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, मग १९३० वर फोन करा. शाखेत कोणी तोंडी म्हणालं, "पिन तर तुमचाच वापरलाय," तर वाद घालू नका. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पिन बरोबर होता म्हणजे तुम्हीच पैसे काढलेत, असा त्याचा अर्थ होत नाही. एका माणसाला हे सिद्ध करायला चार वर्षं कोर्टात जावं लागलं होतं. तुमच्याकडे परिपत्रक आहे आणि तीन दिवस आहेत.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, ज्यांच्या पाकिटात कार्डासोबत पिनची चिठ्ठी आहे. असतं असं कोणीतरी प्रत्येक घरात. भेटू पुढच्या भागात.